खिडकीतला निवडुंग

कुंडीतली माती पुन्हा ओली होती. सुलूने बोट खुपसून वास घेतला. मासळीचा!

"गोजराबाई! निवडुंगाला घरून मासे धुतलेलं पाणी आणून घातलंत?"

"नाय वो बाय. मी कशाला घालू?" गोजराबाई भांडी घासता घासता म्हणाली.

"तुमच्या चिंचणी गावात माडांना घालतात ना?"

"माडाला घालतात. ह्या बोटाएवड्या काट्याला कोन घालील?"

सुलूने कपाळाला हात लावला. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली ती. मातीत निम्मी वाळू, पंधरा दिवसांनी चार चमचे पाणी, पूर्वेची खिडकी. तरी निवडुंग बुडाशी मऊ पडत होता.

नवरा तारापूरच्या प्रकल्पावर लागल्यापासून या क्वार्टरमध्ये तिने दोनच जीव डोळ्यांत तेल घालून जपले होते. हा निवडुंग आणि चार वर्षांची ठमी.

ठमी निदान सुधारली होती. पावसाळ्यात पोरीच्या बरगड्या मोजता यायच्या. "आणखी उतरली तर दवाखान्यात ठेवावं लागेल," म्हणत पालघरच्या डॉक्टरांनी शार्कच्या तेलाची बाटली लिहून दिली. घर शाकाहारी, पण औषधाला कसला विटाळ? रोज सकाळी सुलू स्वतः चमचा भरवायची. ठमी गाल फुगवून खिडकीकडे धावायची, साइटवर जाणारे ट्रक बघायला. जेवताना मात्र दोन घासांत उठायची आणि दुपारी गोजराबाई मागच्या दारी डबा उघडून बसली की तिला चिकटून बडबडायची. तरी तीन महिन्यांत दोन किलो वाढली. तेलाचाच गुण!

गुरुवारी निवडुंग कलंडला.

"पुरे झालं, गोजराबाई. उद्यापासून येऊ नका."

"पोरीची आन बाय, मी पानी नाय..." गोजराबाई ठमीकडे बघून दाराकडे वळली. डबा उचलून निघून गेली.

शुक्रवारी सकाळी सुलूने निवडुंगाचा शाबूत शेंडा कोरड्या वाळूत लावला. ठमीला चमचा दिला. बाहेर ट्रक घरघरला. ठमी खिडकीशी धावली, कुंडीवर वाकली आणि तिने गाल रिकामे केले.

सुलूने वाळूत बोट खुपसून वास घेतला. तोच, मासळीचा!

"ठमे! कधीपासून चाललंय हे?"

"रोजच. घाण लागतं ते."

"रोज? एकही चमचा पोटात नाही? मग तुझ्या अंगाला लागलं तरी काय?"

ठमी मागच्या दाराकडे बघत होती.

"आई, गोजरामावशी आज बोंबील-भात आणणार होती. अजून कशी आली नाही?"