पाठवणारा जागेवर नाही

चेकियातल्या ब्रनो शहरातल्या ऑफिसात तीन दिवस मी एकाच गोंधळाच्या मागे होतो. छोटा प्रोग्रॅम मुख्य प्रोग्रॅमला ‘मी तयार आहे’ असा निरोप टाकतो आणि लगेच पसार होतो. मुख्य प्रोग्रॅम निरोप उघडतो, तर पाठवणारा गायब! मग निनावी म्हणून तो निरोप कचऱ्यात.

“सापडलं!” मी शेजारच्या लिबुशेला म्हणालो. “निरोप वाचला जाईपर्यंत पाठवणाऱ्याने थांबायचं, बस्स!”

“एवढं कळायला तीन दिवस?” ती हसली.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर, या आठवड्यात तिसऱ्यांदा, तीच बिननावाची चिठ्ठी: ‘शनिवारी बंबवाल्यांच्या वार्षिक नाचाच्या पार्टीला माझ्याबरोबर येशील?’

कुणाची तरी थट्टा म्हणून नेहमीसारखी चुरगाळणार, तेवढ्यात लिबुशे म्हणाली, “वाच नीट. आज मी इथेच उभी आहे.”