बर्फावरची घोंगडी

तामलवाडीच्या माळावर मेंढरं चारताना नागूबाईचा जीव सकाळपासून फोनात अडकला होता. तिची लेक समृद्धी अंटार्क्टिकाच्या बर्फावर विमानतळ उभारायला गेली होती. आधीच्या दोन मोहिमांनी केलेल्या धावपट्ट्या वादळांनी गिळल्या होत्या. आज पहिलं विमान यायचं होतं. ते उतरलं नाही, तर हीही मोहीम गुंडाळावी लागणार होती. फोन वाजला. "आये, उतरलं गं विमान!" समृद्धी ओरडतच होती. "पर तू दिलेली घोंगडी फाटली. वाऱ्यानं कडंची निशाणं उडवली. सगळीकडं पांढरंच पांढरं, वरनं पायलटला धावपट्टी कुठनं सुरू व्हती तेच दिसंना. मग म्या अंगावरची काळी घोंगडी धावपट्टीच्या तोंडाशी आंथरली, मेखा ठोकल्या. ती बघूनच तो खाली आला, पर चाक तिच्यावरनं गेलं." "इमानाचं चाक? माझ्या घोंगडीवरनं?" नागूबाईला हसू आवरेना. "फाटू दे की, बाई! दुसरी आणू." फोन ठेवल्यावर मात्र तिला राहवेना. सांगायचं कुणाला? माळावर चिटपाखरूही नव्हतं. ती तडक रस्त्यावर गेली अन् सोलापूरहून तुळजापूरला निघालेल्या बसपुढं काठी उंचावून उभी राहिली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. "काय झालं, मावशी?" "माझ्या लेकीचं इमान उतरलं! बर्फात! माझ्या घोंगडीवर!" बसमधल्या कुणालाच काही उमगलं नाही. पण तिचा तो उजळलेला चेहरा बघून मागच्या सीटवरच्या एका म्हातारीनं हात जोडले, आणि अख्खी गाडी गरजली, "आई राजा उदो उदो!"