महापौरांच्या घरी

"नीरू, आजचा चहा झक्कास हां," कानावरचा हेडफोन न काढता उन्मेष म्हणाला. "नाहीतर तुझी आई करते तो. नुसतं गरम पाणी!"

रिकामा कप धरून त्याने हात मागे केला. कुणीतरी तो कप जरा हिसक्यानेच घेतला. उन्मेषचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याच्या शहरात पूर आला होता.

शहर कॉम्प्युटरवरचं. शहर वसवायचा गेम होता आणि गेली काही वर्षं उन्मेष त्या शहराचा महापौर होता. पुण्याच्या एका कंपनीचं काम तो रत्नागिरीत घरी बसूनच करायचा. काम संपलं की खुर्ची तीच, स्क्रीन तीच, फक्त उन्मेषचा महापौर व्हायचा. जेवण तिथेच, झोप शेजारच्या दिवाणावर. नागरिकांनी पाण्याची तक्रार केली की तो तातडीने नवी टाकी बांधायचा. घरच्या विहिरीचा पंप बिघडल्याचं त्याच्या बायकोने, नीरजाने, चारदा सांगितलं होतं. चारही वेळा तो "हं" म्हणाला होता.

पुलाचा शेवटचा खांब उभा राहतोय, तोच लाइट गेली.

स्क्रीन काळीठिक्कर पडली. त्या काळ्या काचेत उन्मेषला आधी स्वतःचा दाढी वाढलेला चेहरा दिसला. आणि त्या चेहऱ्यामागे, हातात कप घेतलेल्या, चष्मा लावलेल्या, पिकल्या केसांच्या एक बाई.

तो खुर्चीसकट वळला. सावर्ड्याच्या सासूबाई उभ्या होत्या.

"आई! तुम्ही कधी आलात?"

"परवा आल्ये," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हापासून तुम्ही मला नीरू म्हणताय. काल घावन वाढले तर 'थँक्यू डार्लिंग' म्हणालात. मी काही बोलल्ये नाही."

उन्मेषचे कान तापले. मग चहाबद्दल आपण काय म्हणालो ते आठवलं आणि ते आणखी तापले.

"मग नीरजा कुठेय?"

"तुम्ही तिला शेवटचं कधी पाहिलंत ते सांगा. ती कुठेय ते मी सांगत्ये."

प्रश्न सोपा होता. पण उन्मेषला आठवत होता तो नुसता हात. ताट ठेवणारा, कप उचलणारा. त्या हातात बांगड्या होत्या की नव्हत्या, तेही सांगता येईना. रविवारी कुणीतरी समोर उभं राहून बराच वेळ बोलत होतं खरं. पण तेव्हा त्याच्या शहरात निवडणूक चालली होती. कोणत्या वॉर्डात किती मतं पडली ते त्याला पाठ होतं. समोरचं माणूस काय बोललं, त्यातला एक शब्द आठवत नव्हता.

त्याने कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"गेली ती," तो हळूच म्हणाला. "सावर्ड्याला गेली ना, आई?"

सासूबाई कप विसळायला आत गेल्या.

लाइट आली. त्याने सवयीने कॉम्प्युटर सुरू केला, सवयीने माउस धरला. महापौरसाहेब, कारभार पुढे चालवायचा का, असं गेमने अदबीने विचारलं. उन्मेष त्या अक्षरांकडे बघत बसला. मग त्याने गेमच काढून टाकायला घेतला. खरंच काढायचा का, असं कॉम्प्युटरने पुन्हा विचारलं. उन्मेषला आपलं बंदर आठवलं. महिनाभर खपून टाकलेली मेट्रो आठवली. त्याने डोळे मिटले आणि हो म्हटलं. लाखभर नागरिक कसलीही तक्रार न करता नाहीसे झाले.

मग तो उठला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने पायांत बूट घातले, मोटरसायकलची किल्ली शोधली, हेल्मेट काखेत मारलं. सावर्ड्याला पोचल्यावर काय बोलायचं ते काही सुचेना. निदान निघाल्याचं तरी कळवावं म्हणून त्याने नीरजाला फोन लावला.

फोन आतल्या खोलीत वाजला.

फोनही न घेता गेली, या विचाराने उन्मेषला रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात वाजणं थांबलं आणि त्याला "हॅलो" ऐकू आलं. एकदा कानात, एकदा खोलीतून.

नीरजा दारात आली. फोन तसाच कानाला.

"तू... तू गेली नव्हतीस?"

"निघाले होते की," नीरजा म्हणाली. "रविवारी बॅग घेऊन अर्धा तास तुझ्यासमोर उभी होते. शेवटी बॅग रिकामी केली आणि आईलाच इकडे बोलावून घेतलं. रुसून गेलेलं कुणाच्या लक्षात तरी यायला हवं ना रे!"