प्रॅथरच्या घराचा लिलाव

“पैसे परत ने,” एल्डन प्रॅथर दारातच म्हणाला. “भात मात्र ठेवून जा.”

मारिसोलने काळ्या घेवड्याच्या भाताचं भांडं त्याच्या हातात दिलं. नोटांचं पाकीट मात्र तसंच पुढे धरून ठेवलं.

“मिस्टर प्रॅथर, सगळ्या गल्लीने मिळून जमवलेत. उद्या लिलाव आहे. आज भरले तर अजून थांबेल.”

“सगळ्या गल्लीने?”

“डग विटेकर सोडून.”

“बघ. डगने दिले असते तर घेतले असते मी,” म्हातारा हसला आणि भांड्यावरचं झाकण उचलून वास घेऊ लागला.

मारिसोलला हसू आलं नाही. प्रॅथर तिचा शेजारी. शाळेत बँड शिकवून निवृत्त झालेला. जुनी पिकअप, दोन शर्ट, आणि बायको नदीन गेल्यापासून रोज बंद डब्यातलं विकतचं सूप. पैसे नाहीत, आणि नाहीत म्हणायची लाज वाटते, हे तिने केव्हाच ओळखलं होतं.

कॉलनी तळ्याकाठची. हिरवळ, तळं, फाटकावरचा पहारेकरी, सगळं घरमालकांच्या संघटनेच्या ताब्यात, आणि संघटना डग विटेकरच्या. वर्गणी वेळेवर हवी. टपालपेटी पांढरीच हवी. परवानगीशिवाय अंगणात कुदळ मारायची नाही.

प्रॅथरने कुदळ मारली होती. नदीन गेली त्याच हिवाळ्यात त्याला फरशीखालून पाणी वाहिल्याचा आवाज येऊ लागला. त्याने मागच्या अंगणात खड्डा खणला. मग संघटनेच्या बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, खाली जमीन पोकळ झालीय का ते यंत्र आणून, भोक पाडून बघू द्या, माझ्या खर्चाने.

“भोकं पाडत बसलो तर घरांच्या किमती कुठे जातील, मिस्टर प्रॅथर?” डग म्हणाला. “आणि आवाजाचं म्हणाल, तर कान तपासून घ्या आधी.”

लोक हसले. मारिसोलही थोडीशी हसली. खड्डा बुजवायला लावून डगने त्याला दंड ठोकला, आणि त्या दिवसापासून प्रॅथरने वर्गणी देणं बंद केलं. दंडावर व्याज चढलं, व्याजावर वकिलाची फी. शेवटी कोर्टाने घर लिलावात काढलं.

“एका खड्ड्यापायी घर घालवणार आहात?” मारिसोल आता चिडूनच म्हणाली.

“हो,” प्रॅथर म्हणाला. “खड्ड्यापायीच.”

लिलावात दुसऱ्या कुणी बोली लावली नाही. घर संघटनेनेच घेतलं. कुलपं बदलायला डग स्वतः आला. प्रॅथरने पिकअपमध्ये आरामखुर्ची आणि नदीनचं पियानोचं स्टूल चढवलं, आणि जाता जाता डगशी हात मिळवला.

“सांभाळ रे. आता तुमचं आहे.”

तो ओकाला गावी लेकीकडे निघून गेला. मारिसोलच्या आईने त्या दिवशी डगला रस्त्यात गाठलं आणि स्पॅनिशमध्ये असं काही सुनावलं की अर्थ न कळताही त्याचे कान लाल झाले.

डगला घर लवकर विकायचं होतं. गिऱ्हाईक मिळालं, पण त्याला विमा हवा होता. विमा कंपनी म्हणाली, भिंतीला तडे दिसतात, मालकाने आधी जमीन तपासून द्यावी. मालक आता संघटना. डगने कुरकुरत सही केली.

यंत्र आलं. दांडा थोडा आत गेला आणि मग कुणी न ढकलता आपोआप खाली निसटला. यंत्रावरच्या माणसाने दुसरी जागा धरली, मग तिसरी. त्याचा चेहरा बघूनच मारिसोलने आईची औषधं पिशवीत भरायला घेतली. संध्याकाळपर्यंत पोलिसांनी अख्खी गल्ली रिकामी केली.

आठवडा उलटायच्या आत, लख्ख सकाळी, ते घडलं. लोक दूर दोरीमागे उभे होते.

आधी तळं फिरू लागलं. अगदी संथ, कुणी पळीने ढवळावं तसं. बगळे एकदम उडाले. पाणी मधोमध खोल गेलं आणि बघता बघता दिसेनासं झालं. मग काठावरचा ओक वृक्ष खाली गेला. कलला नाही, मोडला नाही, उभाच्या उभा, फांद्यांवरून लोंबणारं करडं शेवाळ झुलवत. त्याच्यामागून प्रॅथरचं घर, कौलांसकट. मग मारिसोलचं. स्वयंपाकघराचा पिवळा पडदा तिला शेवटपर्यंत दिसत होता.

आवाज फारसा झालाच नाही. एक खोल, लांब सुस्कारा, जणू पृथ्वीने कूस बदलली. धूळ बसली तेव्हा गल्लीच्या जागी आभाळाएवढी पोकळी होती आणि तिच्या तळाशी, फार खाली, निळं पाणी चमकत होतं. कुणी रडलंसुद्धा नाही. डगने डोक्यावरची टोपी काढली. मारिसोलच्या आईने छातीवर क्रूस काढला आणि तिथेच गुडघे टेकले.

दुपारी मारिसोल ओकालाला पोचली. प्रॅथर ओसरीवर आरामखुर्चीत बसला होता. आत टीव्हीवर तेच चालू होतं.

“आत कुणी होतं?” त्याने आधी तेवढंच विचारलं.

“नाही. मांजरसुद्धा नाही.”

त्याने डोळे मिटले. खुर्चीच्या हातावरची त्याची बोटं सैल पडली. मारिसोल पायरीवर बसली.

“देवानेच वाचवलं आम्हाला,” ती म्हणाली. “त्या दिवशी तुम्ही पैसे घेतले असते तर घर तुमचंच राहिलं असतं, आणि ती जमीन कुणी तपासलीच नसती. तुम्हाला बेघर व्हावं लागलं, वर्गणीपुरतेही पैसे नव्हते, म्हणून आज आम्ही सगळे जिवंत आहोत. कसंतरीच वाटतं हे बोलताना...”

“पैसे होते गं पोरी माझ्याकडे,” प्रॅथर म्हणाला. “पण माझ्या घराखाली बघायला कुणी तयार होईना. म्हणून ते त्यांचं करून टाकलं.”