कोपऱ्यातला स्कोअर

रेडिओचे डोळे तुम्ही फोडलेत. काचेच्या केबिनमध्ये बसून, एका सहीनं. ठरवलंत की या आइस हॉकी टीमच्या मॅचेस यापुढे टीव्हीवर आणि रेडिओवर एकच माणूस सांगेल, एकाच वेळी, एकाच तोंडानं. ज्यांना दिसतं त्यांनाही तेच, ज्यांना दिसत नाही त्यांनाही तेच. दुसऱ्यांचं काय, असं त्या मीटिंगमध्ये कुणी विचारलं? विचारलं असेल तर त्याचं नाव सांगा.

शशिकांतांना चार वर्षांपासून दिसत नाही. ग्लॉकोमा. आज ते बर्फाच्या मैदानाच्या वर, कॉमेंट्री बॉक्समध्ये, त्यांच्या मुलाच्या, क्षितिजच्या, पाठीमागच्या खुर्चीत बसले होते. ओकव्हिलच्या घरून निघताना बायकोनं, सुमेधाबाईंनी, टाय बांधून दिला होता. कानांवर हेडफोन होते आणि रेडिओवर जे जात होतं तेच त्यांत येत होतं.

त्यांना बोलावलं होतं टीव्हीचा प्रोड्यूसर ग्रेग यानं, क्षितिजला सांगून. "युअर डॅड इज ब्लाइंड, राइट? ब्रिंग हिम. टू मिनिट्स ऑन कॅमेरा, इन द इंटरमिशन. पीपल विल क्राय, मॅन."

क्षितिजनं सहा सीझन फक्त रेडिओ केला होता. आता टीव्ही-रेडिओची ही नवी एकत्र खुर्ची त्याला द्यायची की टोरांटोहून दुसरा कुणी आणायचा, ते आजच्या मॅचवर ठरणार होतं. म्हणून त्यानं वडिलांना आणलं.

पहिली दहा मिनिटं तो सवयीनं बोलला. पक, म्हणजे ती रबरी चकती, कुठे आहे ते क्षणाक्षणाला: पक डावीकडे, बोर्डला लागून, सतरा नंबरकडे, सतरानं निळी रेषा ओलांडली, मागे पास. शशिकांतांचं बोट गुडघ्यावर फिरत होतं. गुडघा म्हणजे रिंक, ते बर्फाचं मैदान. पक जाईल तिकडे बोट.

ग्रेग खाली पार्किंगमधल्या प्रक्षेपणाच्या ट्रकमधून क्षितिजच्या कानात बोलत होता. शशिकांतांना ते ऐकू येत नव्हतं.

"लेस, क्षितिज. दे कॅन सी इट."

मग, "यू आर टॉकिंग रेडिओ."

मग, "व्हाय डू यू कीप सेइंग द स्कोअर? इट्स इन द कॉर्नर ऑफ द स्क्रीन."

क्षितिजच्या समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ असायचं. वाळू संपली की स्कोअर सांगायचा, घड्याळ उलटं करायचं. गाडीत बसलेला, स्वयंपाकघरात भांडी घासणारा, कुणीही मध्येच रेडिओ लावतो, त्याला स्कोअर कळला पाहिजे. त्यानं घड्याळ उचललं आणि बॅगेत टाकलं.

दुसऱ्या पीरियडमध्ये तो शिकला. मुलगा हुशार. "ओ माय." मग आठ सेकंद गप्प. "लुक अ‍ॅट दॅट." पुन्हा गप्प. शेजारी बसलेला डग, एके काळचा खेळाडू, हसून म्हणायचा, "ब्युटिफुल."

ट्रकमधून आवाज आला. "नाऊ दॅट्स टेलिव्हिजन, बडी."

शशिकांतांचं बोट गुडघ्याच्या मधोमध थांबलं होतं.

तेवढ्यात अख्खं स्टेडियम ओरडलं. मग एकदम गप्प झालं. मग हुर्यो उडाली, कुणीतरी शिव्या घातल्या. खाली रेफरीनं दोन्ही हात आडवे पसरले होते. गोल रद्द. ज्यांना डोळे होते त्या सगळ्यांना ते दिसलं. क्षितिज काही बोलला नाही. डग म्हणाला, "यू हेट टू सी दॅट."

शशिकांत पुढे वाकले. "काय झालं रे?"

क्षितिजनं माइक बंद करायचं बटण दाबलं. मान वळवली नाही. "बाबा, नॉट नाऊ."

"अरे, पण गोल झाला की नाही?"

"बाबा, प्लीज. आय अ‍ॅम वर्किंग."

त्यांनी पाठ खुर्चीला टेकवली. आणखी दोनदा लोक ओरडले. त्यांनी दोन्ही वेळा तोंड उघडलं आणि मिटलं.

इंटरमिशन. कॅमेरावाल्यानं शशिकांतांची खुर्ची ओढून क्षितिजच्या शेजारी आणली, टाय सरळ केला, गॉगल काढायला लावला. डोळे दिसले पाहिजेत, असं ट्रकमधून सांगितलं होतं. लाल दिवा लागला.

क्षितिजनं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि छान हसला. हे माझे बाबा, त्यांना दिसत नाही, पण सहा वर्षांत माझी एकही मॅच त्यांनी चुकवलेली नाही, असं त्यानं इंग्रजीत सांगितलं. डगनं डोळे पुसले, खरोखरच. मग क्षितिजनं ग्रेगनं लिहून दिलेला प्रश्न विचारला.

"डॅड, व्हॉट डू यू सी व्हेन यू हिअर माय व्हॉइस?"

शशिकांत मराठीत बोलले, आवाज न चढवता. "आज तू मला काहीच दाखवलं नाहीस, क्षितिज. स्कोअर काय झालाय?"

ट्रकमधून आवाज आला. "व्हॉट डिड ही से? ट्रान्सलेट. समथिंग नाइस."

क्षितिजचा हात खांद्यावरच होता. तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "ही सेज ही सीज एव्हरी सिंगल प्ले."

"दॅट्स गोल्ड," ग्रेग म्हणाला. "द जॉब इज युअर्स."

सदतीस वर्षं शशिकांतांनी या देशात पूल बांधले होते. इंग्रजी कळायला त्यांना डोळे लागत नव्हते. त्यांनी खांद्यावरचा हात धरून बाजूला केला, चाचपडत मुलाच्या हातातला माइक पकडला आणि तोंडाजवळ ओढला.

"नो. आय डिड नॉट से दॅट. आय आस्क्ड माय सन द स्कोअर."

लाल दिवा चालू होता.

"व्हॉट इज द स्कोअर?"

त्यांनी मान एकदा डावीकडे वळवली, एकदा उजवीकडे.

"अरे, इथे एवढे डोळेवाले बसला आहात. सांगा ना कुणीतरी!"