तांदळाच्या डब्यातली कात्री

अपघातानंतर आईच्या डोक्याचे टाके निघाले, पण तिचा राग काही जाईना. डॉक्टरांनी लेकीला समजावलं, "मेंदूला अजून सूज आहे, बाळ. ओरडते ती सूज, आई नव्हे." काल आईने इस्त्री भिंतीवर भिरकावली. आज तिने लेकीला शिलाई मशीनपाशी बोलावलं, "इकडे ये गं." हातात मोठी कात्री होती. लेक दबकत पुढे आली. आईने कात्री तिच्याच हातात दिली. "लपवून ठेव. मी ओरडून मागितली तरी देऊ नकोस." कात्री तांदळाच्या डब्यात गेली. दुपारी आई कपाळ दाबतच उठली. "कात्री कुठंय?" "नाही सांगणार." "कार्टे, सांगतेस की नाही?" आईने हात उगारला. लेकीने डोळे मिटून विचारलं, "आई, तू आहेस की सूज?" हात वरच थबकला. आई पुटपुटली, "आत्ता मी आहे. मी आहे तोवर शेजारच्या मावशीकडे पळ."