धाकू मेस्तांची कबुली

अंमळ जवळ सरका मायबापहो, देवबागला होड्या बांधणाऱ्या धाकू मेस्तांची गोष्ट सांगतो. साठ सालात या माळकऱ्याचं पोट पाण्यानं फुगलं, तेव्हा धाकटा भाऊ लवू त्यांना मुंबईच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. परतले ते गळ्यातली माळ काढूनच. बायकोला म्हणाले, "पार्वती, मी चोरून दारू पियत होतंय, त्याचाच ह्या पोट. आता सोडलंय. बरो होतलंय."

"देवाकय फसवल्यात आणि माकाय," पार्वती म्हणाली आणि आठ दिवस बोलली नाही. मग मात्र रोज सांजेला त्यांचं तोंड हुंगायची, वास नाही म्हणून हरखायची. चार महिन्यांनी रक्ताची उलटी होऊन धाकू गेले.

बाराव्याला ती लवूला म्हणाली, "सोडूक उशीर केल्यानी."

लवूला राहवलं नाही. "वैनी, दादा दारूक कधी शिवलोच नाय. जुन्या काविळीन यकृत सुकला, थंय जाणाऱ्या शिरेत रक्ताची गुठळी धरली. डॉक्टर म्हणाले, उपाय नाय. दादा म्हणालो, दारू सांगतंय. सोडली म्हटल्यार तिका आशा तरी रवात."



मायबापहो, देवापुढे हात जोडाल, तेव्हा धाकूंची आठवण ठेवा.